कुत्र्याला आवडणारं रानगवत आणि त्याचं बी कसं ओळखायचं

टेकडीवर कुत्रं फिरवणाऱ्या सगळ्यांनी हे बघितलेलं असतं, चालता चालता कुत्रं मधेच थांबतं, दहा प्रकारचं गवत हुंगून सोडतं आणि मग एकच पातं शोधून मान वाकडी करून दाढेखाली धरून कराकरा चावत बसतं. आमची चिंगी (गावठी आहे, सहा वर्षांची) तर ठरलेल्या जागी जाऊनच खाते, पुण्यात तळजाई टेकडीच्या वाटेवर एका दगडाशेजारी हरळीचा पट्टा आहे तिथे गेल्याशिवाय तिचा वॉक पूर्ण होत नाही.

मला आधी वाटायचं की तिला बरोबर कळतं काय खायचं ते, आपण कशाला मधे पडा. पण तीन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत तिच्या नाकात कुसळ (गवताच्या बीची तारेसारखी शेपटी) गेलं आणि तेव्हापासून मी गवत बघायला शिकलो. तिथे एक गोष्ट नीट कळली, कुत्रं पातं निवडतं ते वासाने आणि चवीने, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच निवडतं. पण त्याच पात्याच्या बाजूला दुसऱ्या गवताचा पिकलेला तुरा उभा असतो त्याचं त्याला काही देणंघेणं नसतं, ते सरळ तोंड घालतं. म्हणजे पान कुत्र्याने ओळखायचं आणि बी आपण ओळखायचं, अशी वाटणी आहे. म्हणून इथे सगळं लक्ष तुऱ्यावर आणि बियांवर ठेवलंय.

सुरुवातीलाच एक शंका दूर करतो, कारण सगळे हेच विचारतात. कुत्रं गवत खातं म्हणजे त्याचं पोट बिघडलंय असं नेहमी नसतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी दीड हजारावर कुत्रेमालकांना विचारून केलेली पाहणी २००८ साली छापून आली, त्यात ६८ टक्के लोक म्हणाले आमचं कुत्रं रोज नाहीतर आठवड्यातून तरी गवत किंवा झाडपाला खातं. खायच्या आधी आजारी दिसणारी कुत्री साधारण ८ टक्के, आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारी २२ टक्के. म्हणजे बहुतेक कुत्री मजेत खातात आणि मजेत राहतात. लांडगेपण गवत खातात. त्यामुळे गवत खाल्लं म्हणून ओरडू नका, कुठलं खाल्लं ते बघा.

आधी हे गवतच आहे का ते बघा

खोड चिमटीत धरून फिरवा. गोल किंवा थोडं चपटं लागलं आणि मधे मधे पेरं असली तर गवत. तीन कडा हाताला लागल्या आणि पेरं नसली तर तो लव्हाळा किंवा नागरमोथा, तो गवताच्या कुळातला नाही. कुत्री त्याला फारसं तोंड लावत नाहीत असा माझा अनुभव आहे. आणि गाजर गवत म्हणजे काँग्रेस, त्याच्या नावात गवत असलं तरी ते गवत नाही, पांढऱ्या बारीक फुलांचं झुडूप आहे. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आता सगळीकडे आहे. त्याने माणसांना अंगावर खाज आणि पुरळ येतं, त्यामुळे त्याच्या दाट पट्ट्यातून कुत्र्याला नेऊच नका.

एकदा गवत आहे हे पक्कं झालं की तुऱ्याकडे या. तुऱ्यावर तीन गोष्टी बघायच्या. बियांना शेपटीसारखं कुसळ आहे का, असलं तर ते मऊ केसासारखं आहे की ताठ तारेसारखं. बियांचं खालचं टोक बोथट आहे का सुईसारखं. आणि तिसरं, बी बोटावर घासलं तर एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागतं का. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्या बियांवर उलट्या दिशेचे केस किंवा काटे असतात ते एकाच दिशेला सरकतं, म्हणजे आत. मागे येत नाही. माझी सोपी युक्ती म्हणजे खिशात एक जुना लोकरीचा मोजा ठेवतो, अनोळखी तुरा दिसला की मोजा त्यावरून फिरवायचा. काही चिकटलं नाही तर ठीक, चिकटून झटकल्यावर पडलं तर मध्यम, आणि झटकूनही निघालं नाही, उलट विणीत आत घुसलं, तर त्या पट्ट्यापासून कुत्रं लांब.

जे कुत्र्यांना आवडतं आणि खाऊ द्यायला हरकत नाही

पहिला नंबर हरळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा. ही ओळखायला कोणाला शिकवायची गरज नाही असं वाटतं पण गंमत म्हणजे जुडी ओळखणाऱ्यांनाही तुरा ओळखता येत नाही, कारण दूर्वा आपण कोवळ्या खुडतो. जमिनीवर सरपटत जाते, प्रत्येक पेराला मुळं फुटतात, आणि वर आलेल्या बारीक दांडीच्या टोकाला एकाच जागेतून चार-पाच नाजूक बोटं पसरतात, पक्ष्याच्या पायासारखी. त्या बोटांवर दोन-तीन मिलिमीटरचे बारीक दाणे दाटीने बसलेले असतात, त्यांना कुसळ अजिबात नाही. कुत्र्याने तुऱ्यासकट खाल्लं तरी काही होत नाही. हिचं शास्त्रीय नाव सायनोडॉन, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कुत्र्याचा दात, पण ते नाव खाण्यावरून नाही, तिच्या कोंबाच्या कडक टोकदार आकारावरून पडलंय.

दुसरी राननाचणी. रिकाम्या प्लॉटवर, पार्किंगच्या कडेला, फूटपाथच्या फटीत उगवते. हिलाही बोटंच असतात पण हरळीपेक्षा जाड, आणि नीट बघितलं तर बऱ्याचदा एक बोट बाकीच्यांच्या थोडं खाली फुटलेलं असतं, हात आणि अंगठा असतो ना तसं. खोड चपटं, बुंध्याशी पांढरट, आणि उपटायला जाल तर हाताला रग लागते इतकं घट्ट. बोट चोळलं की आतून नाचणीसारखे पण काळपट बारीक दाणे निघतात. चिंगी याचे तुरे सुद्धा ओरबाडून खाते, आमच्या सोसायटीतला लॅब्रॅडॉर पण खातो. दाणे जसेच्या तसे शीमधून बाहेर पडतात, घाबरू नका, कुत्र्याच्या दाढा गाईसारख्या रवंथ करायच्या नाहीत.

तिसरं मारवेल. हे गुरांचं उत्तम गवत, शेताच्या बांधावर आणि काळ्या जमिनीत भरपूर. ओळख एकदम पक्की आहे, खोडाच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, पैंजण घातल्यासारखं. तुरा जांभळट, बोटाबोटांचा. याच्या बियांना कुसळ असतं पण ते बारीक आणि कमजोर असतं, कुसळी नावाच्या गवतासारखं (ते पुढे येतंच) सुई होऊन घुसणारं नाही. कोवळं असताना बिनधास्त खाऊ द्या. पिकल्यावर मात्र मी टाळतो, बारीक असलं तरी कुसळ ते कुसळ, घशात अडकलं तर खोकून खोकून जीव हैराण.

ज्याच्यापासून लांब ठेवायचं

कुसळी. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे डोंगरउतारावर, माळरानावर, पुण्याच्या प्रत्येक टेकडीवर हीच माजलेली असते आणि दरवर्षी कुत्र्यांना हिचाच त्रास होतो.

ऑगस्टपर्यंत कुसळी साधी हिरवी दिसते, कंबरेपर्यंत वाढते. मग तुरा येतो, एका दांडीला एकच कणीस, बोटभर लांब. त्या कणसाचा खालचा भाग हिरवा, एकावर एक खवले बसवल्यासारखा, आणि वरच्या भागातून तपकिरी काळपट लांब कुसळं निघतात, एकेक सहा ते दहा सेंटिमीटर. दसऱ्याच्या सुमाराला ही कुसळं एकमेकांत गुंतून पिळली जातात आणि प्रत्येक कणसाच्या टोकाला वेणी घातल्यासारखं दिसतं. ही वेणी दिसली की समजायचं, बी पिकलं. एकदा ही खूण डोळ्यात बसली की तुम्ही चालत्या बसमधून पण कुसळी ओळखाल.

आता एक बी सुटं करून तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. कुसळ हळूहळू फिरायला लागतं, डोळ्यांसमोर. वाळलं की उलटं फिरतं. त्याच्या खालच्या भागात पीळ असतो, तो ओलाव्याने सुटतो आणि उन्हाने परत बसतो. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस. रात्री दव पडतं, सकाळी ऊन येतं, बी फिरत फिरत स्वतःला जमिनीत पेरून घेतं. गवतासाठी ही फार हुशार सोय आहे, पण तेच बी कुत्र्याच्या बोटांच्या मधे किंवा कानात पडलं तर तिथेही हेच करतं, कातडीला जमीन समजून आत जातं. सासवडकडे एका मेंढपाळ काकांशी बोलणं झालं होतं, ते म्हणाले कुसळं भरली की मेंढराच्या लोकरीतून पार कातड्याला भोकं पडतात, म्हणून पिकायच्या आधी चारून घ्यायचं नाहीतर त्या माळावर जायचंच नाही. तेच आपल्यालाही लागू आहे, जून ते ऑगस्ट कुसळीची कोवळी पानं कुत्र्याने खाल्ली तर काही बिघडत नाही, ऑक्टोबर ते जानेवारी त्या माळावर कुत्रं मोकळं सोडायचं नाही. आणि उन्हाळ्यातही वाटेवर पडलेली सुटी कुसळं तशीच धारदार असतात, त्यामुळे गवत वाळलं म्हणजे धोका गेला असं धरू नका.

मुरमाड जागेत, रस्त्याच्या कडेला दुसरं एक बारीक, गुडघ्याच्याही खाली राहणारं गवत असतं, वाळलं की पांढुरकं दिसतं. त्याच्या प्रत्येक बियाला कुसळाच्या तीन शाखा असतात, कोंबडीच्या पावलासारख्या. नाव काही असो, तीन फाटे दिसले की लांब. हे बी इतकं हलकं असतं की वाऱ्यानेच केसात येऊन बसतं.

मग राळ्याचे (हे एक बारीक भरडधान्य) रानटी भाऊबंद. कणीस बाजरीच्या छोट्या कणसासारखं किंवा बाटली धुवायच्या ब्रशसारखं, सगळीकडून केस. यात दोन प्रकार आहेत आणि बोटाने कळतात. कणीस बुंध्याकडून टोकाकडे बोटाने चोळा, बोट अडकलं आणि कणसं एकमेकांना, कपड्याला चिकटत असली तर तो चिकटणारा प्रकार, कुत्र्याच्या शेपटीत याचे गोळेच्या गोळे होतात. बोट वर जाताना सरळ गेलं आणि टोकाकडून खाली येताना अडलं, केस पिवळट सोनेरी असले, तर तो न चिकटणारा. पण म्हणून तो खाऊ द्या असं नाही. या केसांचे बारीक तुकडे हिरड्यांमधे आणि जिभेखाली रुततात, घोड्यांना आणि कुत्र्यांना याने तोंडात जखमा होतात. कुत्रं एकाएकी खाताना डोकं वाकडं करतंय, तोंडाला वास येतोय, लाळ गळतेय, तर ओठ उचलून हिरड्या बघा, काही रुतलंय का.

गोखरू, आघाडा, शंकेश्वर यांची बियाणं पण पंजात आणि केसात येतात, पण ती खायला कुत्री जात नाहीत आणि हाताला लगेच लागतात, काढून टाकली की झालं.

बी चांगलं पण वर बुरशी

हे फार कमी लोक बघतात. हरीक म्हणजे कोद्रा, कोकणात पिकतो आणि त्याचे रानटी प्रकार ओलसर जागी उगवतात, चपटे गोल दाणे दांडीच्या एका बाजूला ओळीने बसलेले असतात. चांगला हरीक माणसं खातात. पण पिकताना पाऊस झाला आणि दाण्याला बुरशी लागली की तो माजतो, म्हणजे विषारी होतो, खाणाऱ्याला गरगरतं, थरथर सुटते. ऑक्टोबर २०२४च्या शेवटी मध्यप्रदेशात बांधवगडला दहा हत्ती मेले ते बुरशीच्या विषाने खराब झालेला कोदो (हाच हरीक) मोठ्या प्रमाणात खाऊन, आता हत्ती एवढा मोठा प्राणी. बाजरीवर अरगट हा बुरशीचा रोग येतो तो तर शेतकऱ्यांना माहीतच आहे, कणसातून आधी गुलाबीसर चिकट मध गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट लांबट गाठी होतात. तर कुठल्याही गवताच्या कणसावर चिकट थेंब, काळ्या गाठी, पांढरी राखाडी भुकटी दिसली तर गवत कितीही ओळखीचं असो, कुत्र्याला ओढून पुढे न्या.

कोवळी ज्वारी पण नको. पाऊस ताणल्यावरची सुकत चाललेली कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात कारण त्यात सायनाइड तयार होतं, कुत्रं गुरांइतकं खाणार नाही हे खरं पण शेतावर राहणारं पिल्लू असेल तर लक्ष ठेवा.

आणि जागा बघा. तणनाशक मारलेलं गवत पहिले दोन-तीन दिवस हिरवंच दिसतं, मग पिवळं पडतं. सोसायटीच्या माळीदादांना विचारून ठेवा कधी फवारणार आहेत, ते सांगतात. बागेत एरंडीची पेंड खत म्हणून टाकली असेल तर कुत्री ती वासाने आवडीने खातात आणि ती खरंच विषारी असते. शेताजवळ राहत असाल तर गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्या, २०२२ला लातूर, बीड, उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) सोयाबीनवर गोगलगायी आल्या तेव्हापासून त्या गोळ्या बऱ्याच ठिकाणी वापरतात, यातलं मेटाल्डिहाइड पोटात गेलं तर कुत्र्याला झटके येतात. हे काही खाल्लं अशी शंका जरी आली तर वाट बघायची नाही, पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन सरळ व्हेट.

घरी आल्यावर

ऑक्टोबर ते जानेवारी मी रोज वॉकनंतर दाराबाहेरच दहा मिनिटं देतो. पंजे पहिले, प्रत्येक दोन बोटांच्या मधे अंगठा घालून, वरून आणि खालून. मग काखा, जांघा, शेपटीखाली. कान उलटे करून टॉर्च मारायचा. डोळ्याच्या कोपऱ्यात, तिसरी पापणी असते तिथे. ओठ उचलून हिरड्या. मग बारीक फणी, ती फिरवताना गोचिड्या पण सापडतात, त्या तर याच गवतातून चढतात. लांब केसाचं कुत्रं असेल तर दसऱ्याच्या आधीच बोटांमधले आणि कानाखालचे केस कमी करून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

वर दिसणारं कुसळ चिमट्याने धरून, जसं आत शिरलंय त्याच रेषेत उलट बाजूला सरळ ओढून काढा, मधे तुटलं तर नाही ना ते बघा. पण नाकात, कानात आत गेलेलं स्वतः काढायला जाऊ नका, चिमटा घातला की ते अजून आत जातं. कानात तेल ओतू नका. आणि आपल्या घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक आहेत.

कुठे गेलंय ते लक्षणावरून कळतं. नाकात गेलं की अचानक, वॉकच्या मधेच शिंकांचा सपाटा, एकामागून एक, नाक जमिनीला घासणं, मग एकाच नाकपुडीतून रक्ताचा थेंब. कानात गेलं की डोकं एका बाजूला कलतं आणि कान झटकत राहतं. डोळ्यात गेलं की डोळा मिटूनच. पंजात गेलं की दोन-तीन दिवसांनी बोटांमधे गाठ, ती सारखी चाटणं, मग छोटं भोक पडून पाणी येतं, औषधाने बरं होतं आणि पंधरा दिवसांनी परत तिथेच. तोंड उघडं ठेवून धावताना श्वासातून आत गेलं तर खोकला, ताप, सुस्ती, आणि हे सगळ्यात वाईट, कारण फुफ्फुसाजवळ पू होतो आणि आठवडा दोन आठवड्यांनी कळतं.

चिंगीचं असंच झालं होतं. वीस-पंचवीस शिंका, दोन थेंब रक्त, आणि घरी येईपर्यंत शिंका थांबल्या म्हणून मला वाटलं निघालं बाहेर. दुसऱ्या दिवशी पहिल्या व्हेटनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, चार दिवस गेले, एका नाकपुडीतून घाण पाणी सुरूच. मग दुसऱ्यांनी भूल देऊन दुर्बिणीने बघितलं तर कुसळ तुटून बी आत बसलेलं. शिंका थांबणं म्हणजे कुसळ निघालं असं नसतं, ते पुढे सरकलेलं असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. आणि एक्सरेत गवताचं बी दिसत नाही, म्हणून एक्सरे क्लिअर आला तरी सोनोग्राफी किंवा दुर्बिणीबद्दल विचारा. व्हेटकडे जाताना त्या जागेवरचा तुरा तोडून पिशवीत घेऊन जा, काय शोधायचंय ते त्यांना लगेच कळतं.

अजून एक, लांब पातं न पचता शीच्या जागी लोंबकळतं कधीकधी. ग्लोव्हज घालून हळू ओढा, सहज आलं तर ठीक, अडलं तर ओढू नका, व्हेटकडे न्या.

कुसळीच्या दिवसात गवताची हौस घरीच भागवायची असेल तर नवरात्रात घट बसवतो तसंच करा. ट्रेमधे चार बोटं माती, रात्रभर भिजवलेले गहू पसरायचे, वरून पातळ माती, रोज थोडं पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत वीतभर गव्हांकुर येतात. बाजारातले बियाण्याचे गहू घेऊ नका, त्यांना औषध चोळलेलं असतं, घरातले खायचे गहूच वापरा. दोन ट्रे आठवड्याच्या अंतराने लावले की एक संपेपर्यंत दुसरा तयार. चिंगी आधी दोन दिवस नुसती हुंगून गेली, तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्धा ट्रे फस्त.